दिवे लागल्यावरचा केर

"आपल्या घराण्यात केर काढायची नोकरी करणारा तू पहिलाच," असं वडील म्हणाले, तेव्हा माझ्या गळ्यात कंपनीनं दिलेला टाय होता आणि तो मला नीट बांधताही आलेला नव्हता. वडील नांदेडला शाळामास्तर. आजोबा निजामाच्या राज्यात कचेरीत कारकून. त्यांच्या बैठकीतला केर काढायला माणूस येई. आणि त्यांचा नातू घरोघरी जाऊन "बाई, तुमचा केर काढून दाखवू का?" असं विचारणार, तेही इस्त्रीच्या शर्टात. आईनं अब्रू सावरायला "यंत्राची नोकरी आहे हो, इंजिनिअरिंगसारखीच," असं शेजारणींना सांगून टाकलं. त्यामुळे आमच्या गल्लीत मी काही वर्षं इंजिनिअर होतो. कुणाचा नळ गळायला लागला की मला बोलावणं यायचं.

मी व्हॅक्यूम क्लीनर विकत होतो. आज हे यंत्र लोकांना टीव्हीवर पाहून माहीत आहे. तेव्हा नांदेड-लातुरात त्याचं नाव घेतलं की लोक आधी माझ्याकडे बघत, मग टायकडे बघत आणि मग म्हणत, "काय इकून राहिलात म्हणे?"

कंपनीचं प्रशिक्षण औरंगाबादला एका हॉटेलात झालं. मुंबईहून आलेल्या साहेबांनी आम्हाला धंद्याचं मर्म सांगितलं. गृहिणीला तिच्याच घरातली धूळ दाखवा. तिला लाज वाटली की माल खपला. मुंबईत ते खरं असेलही. नांदेडला पहिल्याच आठवड्यात एका बाईंच्या सतरंजीतून मूठभर धूळ काढून मी मोठ्या विजयानं कागदावर ओतली. बाईंनी ती शांतपणे पाहिली. "धूळ हायच की. गावच धुळीचं हाय. हे दाखवायला टाय बांधून कामून आलात?" असं विचारलं आणि वर चहा दिला. लाज मलाच वाटली.

आता यंत्राविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी हकिगत त्याच्या गुणदोषांवरच उभी आहे. आमच्याकडे दोन प्रकार होते. एक बसका, डब्यासारखा, लांब नळीचा. त्याची धूळ खेचण्याची ओढ चांगली, पण तो अवजड आणि घरभर मागं ओढत न्यावा लागणारा. दुसरा हलका आणि उभा. एक दांडा, खाली चपटं तोंड, त्या तोंडात गरगर फिरणारा ब्रश आणि दांड्याला मागून लटकवलेली कापडी पिशवी. बटण दाबलं की पिशवी फुगायची. लोहा गावच्या एका गिऱ्हाइकानं त्याला पाहताक्षणी 'बगळा' म्हटलं आणि पुढं आम्ही विक्रेतेही आपसात बगळाच म्हणू लागलो. कंपनीचं इंग्रजी नाव फक्त खोक्यावर राहिलं.

बगळ्याचे गुण मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवत असे. वजनाला हलका, एका हातानं उचलता येतो, माडीवर नेता येतो, वाकावं लागत नाही, कंबर धरत नाही, खिळ्याला टांगला की जागा खात नाही. हे सगळं खरं होतं. आम्ही खोटं बोलत नव्हतो, फक्त उरलेलं बोलत नव्हतो. उरलेलं असं, की त्याची ओढ बेताची. पिशवी एवढीशी, चार दिवसांत भरणारी. जमिनीवर नीट चालणारा हा पक्षी वरची जळमटं काढायला उचलला की सगळा भार मनगटावर यायचा. पलंगाखाली त्याची मान जायची नाही. भिंतीला टेकवून ठेवला तर मांजराच्या धक्क्यानंही पडायचा. आणि मुख्य म्हणजे तो जन्माला आला होता गालिच्यासाठी. आमच्याकडे गालिचे होतेच कुठं? आमच्याकडे शहाबादी फरशी आणि तिच्या सांध्यांत साचलेलं धान्य. फरशीवर ब्रश फिरू लागला की तुरीचे दाणे असे उडायचे, की प्रात्यक्षिकाला जमलेली मंडळी पाय वर घेऊन बसायची. सतरंजीवर नेला तर तो तिचे गोंडे गिळायचा आणि मग मला गुडघे टेकून, त्याच्या तोंडात कात्री घालून ते सोडवावे लागायचे.

म्हणून मी स्वतःचा एक गालिचा घेऊन फिरू लागलो. हातभर रुंद, लाल, वर मोराचं चित्र. गिऱ्हाइकाच्या घरी तो अंथरायचा, त्यावर राख टाकायची आणि बगळा फिरवून लख्ख करून दाखवायचा. लोक खूश व्हायचे. मग विचारायचे, "हा गालिचा केवढ्याला देता?"

याच सुमारास लातूर जिल्हा झाला होता. उस्मानाबादेपासून वेगळं होऊन आपलं आपलं राज्य आल्याचा आनंद गावभर होता आणि तो मुख्यतः पाट्यांवर दिसत होता. भाड्याच्या घरांवर ओल्या रंगाच्या 'जिल्हा अमुक अधिकारी' अशा पाट्या लागल्या होत्या. आत पोत्यांत भरलेल्या फायली, टेबलं कमी आणि साहेब जास्त. आमच्या कंपनीला वाटलं, नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं आणि नव्या कार्यालयांना स्वच्छता लागणार. मला नांदेडहून लातूरला पाठवण्यात आलं. एका साहेबांनी खरोखरच बगळा घेतला. महिन्यानं मी खुशाली विचारायला गेलो तर तो लोखंडी कपाटात कुलूपबंद. शिपायाचं म्हणणं असं, की त्याची नेमणूक झाडू मारण्यासाठी आहे, यंत्र चालवण्यासाठी नाही. साहेबांनाही ते पटलं होतं. यंत्रचालकाचं पद मंजूर व्हावं म्हणून त्यांनी वर लिहिलं होतं. मी लातूर सोडलं तोवर पद मंजूर झालेलं नव्हतं, पण कपाट मात्र रोज बाहेरून पुसलं जात होतं.

आणि याच सुमारास दुष्काळ पडला. तो पाऊस न येण्याचा दुष्काळ होता हे खरं, पण घरातल्या बायकांना तो आधी बादलीत दिसला. नळाला पाणी येईना. टँकर आला की घागरींची रांग लागायची. दारापुढचा सडा बंद झाला, फरशी पुसणं बंद झालं. पूर्वी केर काढण्याआधी बायका हातानं पाणी शिंपडत, म्हणजे धूळ बसायची. आता तेही परवडेना. कोरडाच झाडू चालायचा आणि धूळ या कोपऱ्यातून उठून त्या कोपऱ्यात बसायची. मुंबईच्या साहेबांचं लगेच परिपत्रक आलं की 'पाण्याविना सफाई' असं सांगत चला. म्हणजे लोक आभाळाकडे बघत होते आणि आम्हाला ते तसंच कोरडं राहिलेलं बरं वाटत होतं. असा धंदा करताना आपण फार विचार करत नाही. विचार नंतर येतात, पेन्शन सुरू झाल्यावर.

मन्मथअप्पांच्या घरी मी गेलो तो या दिवसांत. अप्पा आडत व्यापारी. खाली दुकान, मागं आणि वर घर. तुरीचा, ज्वारीचा, हरभऱ्याचा बारीक भुसा त्यांच्या घरात बाराही महिने तरंगत असायचा. अप्पा कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे ओढून गादीवर बसलेले असत आणि मी नमस्कारादाखल "शरणार्थ अप्पा," म्हटलं की मान न हलवता फक्त भुवया हलवत. त्यांनी स्वतःहूनच मला बोलावणं पाठवलं होतं. माझ्या आयुष्यात असं क्वचितच घडलं.

"सुनेला दमा हाय," अप्पा म्हणाले. "डॉक्टर म्हणतो धूळ चालायची न्हाई. आता आडत्याच्या घरात धूळ चालायची न्हाई म्हणजे काय दुकान बंद करू? तुमचं ते मशीन धूळ खातं म्हणे."

सून म्हणजे महानंदा. जळकोटकडची, लग्नाला दोन वर्षं झालेली. अंगानं काटक, बोलायला मऊ, आणि वाक्याच्या मध्येच श्वासासाठी थांबणारी. घरात मोलकरीण होती, पण ती भांडी-धुण्यापुरती. शिवपूजेच्या आधी घरातला केर काढायचा तो घरच्या सुनेनंच, असा तिथला रिवाज होता. पाणी होतं तोवर शिंपडून भागत होतं. दुष्काळात कोरडा झाडू मारायची वेळ आली आणि महानंदाची छाती वाजू लागली. दोनदा तिला रात्रभर बसवून ठेवावं लागलं होतं. घरात आता 'हिला माहेरी ठेवावी का' अशी बोलणी दबक्या आवाजात चालू झाली होती. दबक्या आवाजात, म्हणजे मला पहिल्याच भेटीत ऐकू येतील इतक्या. आणि एकदा ठेवलेली सून परत आणायला लोक किती उत्साहानं जातात, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

या घरात शब्द चालायचा तो अप्पांच्या बायकोचा. सगळे तिला अव्वा म्हणत. बुटकी, हिरव्या लुगड्यातली, पाण्याच्या घागरीवर नजर ठेवून बसलेली बाई. कुणी तांब्या जास्त बुडवला तर तिला आवाजावरून कळायचं.

मी गालिचा अंथरला, राख टाकली, बटण दाबलं. बगळा हलला नाही. दुष्काळात विजेचेही हाल होते, दिवसभर लाईट नसायची.

"संध्याकाळी या," अव्वा म्हणाली. "दिवे लागायच्या टायमाला लाईट येती."

संध्याकाळी गेलो. लाईट आली होती. देवापुढं समई लागली होती. मी पुन्हा गालिचा अंथरला तर अव्वा ताडकन उठली. "आता? दिवे लागल्यावर केर काढतो का कुणी? लक्षुमी बाहेर काढायची हाय का घरातली?"

वाचकांनी माझी अडचण समजून घ्यावी. दिवसा केर काढता येत होता, पण लाईट नव्हती. लाईट असायची तेव्हा केर काढता येत नव्हता. मुंबईच्या साहेबांनी आम्हाला पंचवीस आक्षेपांची उत्तरं पाठ करून घेतली होती. महाग आहे, आवाज होतो, विचारून सांगते. त्यात लक्ष्मीचा आक्षेप नव्हता. मी गालिचा गुंडाळायला घेतला.

तेवढ्यात अव्वानंच विचारलं, "ह्याच्यातला केर जातो कुठं?"

"पिशवीत."

"अन् पिशवी?"

"यंत्रालाच असते, अव्वा."

"म्हणजे घरातच."

"हो."

अव्वानं पिशवी बोटानं दाबून पाहिली. मग अप्पांकडे वळून म्हणाली, "घरातला केर घरातच ऱ्हातो म्हणजे बाहेर काई गेलं न्हाई. लावा."

मी आयुष्यात इतकी मोठी विक्री इतकं कमी बोलून कधी केली नाही. महानंदानं दांडा हातात घेतला. दोन चकरा मारल्या आणि थांबून माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हलकं हाय." तेवढ्या दोन शब्दांत किती आनंद असू शकतो ते मला तेव्हा कळलं. मी तिला पिशवीची पकड कशी काढायची, पिशवी कशी उलटी करून झटकायची, पुन्हा कशी लावायची ते दाखवलं. ती एकदा बघूनच शिकली.

दोन महिने छान गेले. मी बाजारातून जाताना अप्पा दुकानातूनच हात करायचे. दर चार दिवसांनी सकाळी मीच मागं जाऊन पिशवी परसात झटकून देत असे. रोज दिवे लागले की महानंदा बगळा फिरवते, सकाळी उंबऱ्यापाशी रिवाजापुरता झाडू हलवते आणि छाती वाजत नाही. मी अप्पांचं नाव सांगून लातुरात आणखी काही बगळे विकले. फुशारकी मारत नाही, पण त्या दिवसांत मला रस्त्यावरून चालताना आपण धन्वंतरी असल्यासारखं वाटत असे.

मग मला काही दिवस हिमायतनगर आणि लोहा या बाजूला फिरतीवर पाठवलं. परत येताना नांदेडच्या कार्यालयात निरोप. मन्मथअप्पांचं मशीन बिघडलं आहे, उचलून घेऊन जा.

मी तसाच निघालो. पोचायला दिवेलागण झाली. घरापुढं एक जीप उभी होती. ओसरीवर महानंदाचा भाऊ गुरुनाथ खांद्यावर टॉवेल टाकून बसला होता. तो जळकोटहून बहिणीला न्यायला आला होता. मधल्या खोलीत, बरोबर वाटेत, पत्र्याची पेटी बांधून ठेवलेली. महानंदा भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा प्रत्येक श्वास आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. तिचा नवरा खांबापाशी उभा होता. मी या घरात इतक्यांदा आलो, पण त्याच्या तोंडून शब्द ऐकलेला मला आठवत नाही.

"तुमचं मशीन खोटं निघालं," अप्पा म्हणाले. त्यांच्या भुवया आज हलल्या नाहीत. "आधी चाललं. मग धूळ उचलंना. आता तर लावलं की धूळ वकतंय. पोरीची ही गत झाली. घेऊन जा तुमचं तुम्ही."

"हिला बी कुठवर बेजार करायचं?" अव्वा म्हणाली. "चार महिने माहेरी ऱ्हाईल. मग बघू."

'मग बघू' म्हणताना तिनं पेटीकडे पाहिलं नाही. गुरुनाथनं मात्र पाहिलं. त्या पेटीत सुनेची सगळी लुगडी बसली होती, चार महिन्यांची नव्हे.

मी बगळ्याला हात लावला तर पिशवी लागली ती उशीसारखी टणक. मी पकड सोडवायला गेलो तर ती सुटेना, इतकी भरलेली. एवढंसं तोंड उघडलं तर आतून करड्या धुळीचा गच्च गोळाच दिसला. भरलेल्या पिशवीतून हवा जात नाही. मग ओढ संपते आणि बारीक धूळ शिवणीतून उलटी घरात येते. ज्या धुळीपासून महानंदाला वाचवायचं, तीच हे यंत्र रोज संध्याकाळी तिच्या नाकापाशी फुंकत होतं.

"मी फिरतीवर गेल्यापासून ही पिशवी रिकामी केली नाही का कधी?" मी विचारलं.

महानंदा बोलली, तुकड्या तुकड्यांनी. सासूला ती अत्या म्हणायची. "म्हटलं होतं मी. अत्याला. मशीन लावलं की कळायचं, भरलीय म्हणून. तवा दिवे लागलेले."

"मग?"

"दिवे लागल्यावर केर टाकत न्हाईत," अव्वा म्हणाली. "सकाळी टाकू म्हटलं होतं मी."

"आणि सकाळी?"

"सकाळी लाईट कुठं असती? मशीनची आठवण कुणाला येती?"

आणि हे खरंच होतं. रोज संध्याकाळी आठवायचं तेव्हा टाकायचं नाही, आणि सकाळी टाकायचं तेव्हा आठवायचं नाही. यंत्र बिघडलं नव्हतं, घर बिघडलं नव्हतं, रिवाजही त्याच्या जागी बरोबर होता. तिघं मिळून त्या पोरीचा श्वास कोंडत होते. मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

"अप्पा, यंत्र चांगलं आहे," मी म्हणालो. "एवढी पिशवी आत्ता रिकामी करू द्या. पाच मिनिटांत दाखवतो. यांना जायची गरज नाही." आणि पिशवीसकट बगळा उचलून मी उंबऱ्याकडे वळलो.

अव्वा उंबऱ्यात उभी राहिली. "आता न्हाई. दिवे लागलेत."

"अव्वा, अहो जीप उभी आहे."

"जीप असूंद्या. इतक्या दिवसांचा केर हाय त्यात, घरातला. दिवे लागल्यावर बाहेर जाणार न्हाई. सकाळी टाका."

मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी हात टेकल्यासारखं केलं. गुरुनाथ उठला, टॉवेल झटकला. "चला मग. रस्ता खराब हाय, उशीर व्हायला लागला." तो पेटीकडे आला.

महानंदा भिंतीला धरून उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. माझी खात्री होती की ती आता सासू-सासऱ्यांच्या पाया पडेल आणि निघेल. तिनं श्वास गोळा केला.

"अत्या, पिशवी सकाळी जाणार म्हणता," ती म्हणाली. "मग मी बी सकाळीच जाते. दिवे तर लागलेत."

ती हे भांडून म्हणाली नाही. तिच्या अंगात भांडायची ताकद नव्हती. एखादी सून सासूला काय शिजवू विचारते त्या आवाजात तिनं विचारलं. दिवे लागल्यावर घराबाहेर काय जाऊ द्यायचं नसतं, हे तीच तर इतका वेळ आम्हाला सांगत होती. अप्पांनी घसा खाकरला. समई तडतडली. शेवटी अव्वा म्हणाली, "गुरुनाथ, हातपाय धू. जेवण करून झोप." आणि वळून आत गेली. हात-पाय धुवायला पाणी द्यायची त्या घरातली ती दुष्काळातली पहिलीच वेळ असावी.

मी लॉजवर जाऊन पडलो, पण झोप कसली येते. मला विक्रीची काळजी नव्हती, असं म्हणणं खोटं होईल, तीही होती. पण यंत्राच्या बाजूनं मी उभ्या आयुष्यात इतकी मनापासून प्रार्थना केलेली नाही. सकाळी लाईट असू दे, एवढंच.

सकाळी लाईट नव्हती.

मी पोचलो तर परसात उकिरड्यापाशी अव्वा उभी होती, नाकाला पदर बांधलेली. तिनं पिशवी स्वतःच काढली होती. महानंदा मदतीला पुढं आली तर अव्वानं तिला हातानंच मागं सारलं. "तू सर तिकडं. तुला सोसत न्हाई." मग तिनं पिशवी उलटी करून झटकली. त्या लहानशा पिशवीतून इतकं निघालं की ती स्वतःच दोन पावलं मागं सरली. करडी धूळ, तुरीची टरफलं, भस्म, केसांचे गुंतवळे, एक मणीसुद्धा. अव्वानं मणी उचलून कनवटीला लावला आणि बाकीचा केर काडीनं उकलून पाहिला. मग म्हणाली, "एवढी होती घरात?" आमच्या मुंबईच्या साहेबांना हवी असलेली लाज मी पहिल्यांदाच एखाद्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर पाहिली, आणि मला तिचा काडीचाही आनंद झाला नाही.

मी रिकामी पिशवी बगळ्याला लावली. बटण दाबून दाखवायला लाईट नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी एका मेलेल्या यंत्राचा दांडा धरून उभा होतो. "संध्याकाळी चालेल," मी म्हणालो. "खात्रीनं चालेल." माझा आवाज मलाच विक्रेत्याचा वाटला.

"संध्याकाळपर्यंत थांबणं जमायचं न्हाई," गुरुनाथ म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं, जीप दुसऱ्याची होती. "निघायचं का, अव्वा? आता तर दिवस उगवलाय."

आता अडवायला कुठला रिवाज शिल्लक नव्हता. महानंदा पाया पडायला वाकली. अव्वानं पाय मागं घेतले. अव्वा घागरीपाशी गेली. पिण्याच्या पाण्याच्या घागरीपाशी, जिच्यात तांब्या कुणी किती बुडवला हे ती आवाजावरून ओळखायची. तांब्या भरून घेतला, उजव्या तळहातात पाणी घेतलं आणि मधल्या खोलीच्या फरशीवर शिंपडलं. मग पुन्हा. शहाबादी फरशीवर पाण्याचे काळे ठिपके पडले आणि कोरड्या घरात किती तरी दिवसांनी ओल्या धुळीचा वास आला. कोपऱ्यातला झाडू घेऊन, कमरेत वाकून, ती स्वतः केर काढू लागली. सून आल्यापासून त्या हातांनी झाडू धरला नसणार. श्वास तिलाही लागला होता, पण थांबली नाही. माझा बगळा भिंतीला टेकून हे सगळं बघत होता.

झाडत झाडत ती मधोमध आली, पेटीपाशी. थांबली. वर न बघताच म्हणाली, "ही पेटी उचला कुणी तरी. केर काढायला आडवी येऊन राहिली."

गुरुनाथ पुढं झाला. पण त्याच्या आधी खांबापाशी उभा असलेला अव्वाचा मुलगा, महानंदाचा नवरा, हलला. त्यानं एकट्यानंच पेटी उचलली आणि जीपकडे न जाता आतल्या खोलीत नेऊन ठेवली.